फोक पंकची हद्द कुठं आखायची

ड्रॉपकिक मर्फीज हा बॉस्टनला लागून असलेल्या क्विन्सीचा बँड. १९९६ मध्ये सुरू झाला आणि विजेवरच्या गिटारी, बॅगपाइप, बँजो आणि घसा फोडून गायलेले कोरस यांच्या बळावर जगभर पोचला. २०२२ मध्ये याच बँडने एक अल्बम काढला. त्यात विजेवरच्या गिटारी बाजूला ठेवल्या आणि सगळे शब्द वुडी गथ्रीचे घेतले. मजुरांची आणि देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी करणारा ओक्लाहोमाचा हा गायक १९६७ मध्ये गेला, तेव्हा चाली न लागलेल्या गाण्यांची बाडंच्या बाडं मागे राहिली होती. त्यांतली काही या बँडने उचलली आणि नव्या चालींवर बसवली. आता या अल्बमला काय म्हणायचं? गोंगाट नाही म्हणून पंक नाही, असं म्हणावं तर वाजवणारे सगळे पंकमध्येच वाढलेले. गथ्रीचे शब्द म्हणून निव्वळ फोक म्हणावं, तर चाली कालपरवाच्या. फोक पंक म्हणावं, तर मग याच बँडचा त्याआधीचा पंचवीस वर्षांचा दणदणाट काय होता?

नावांच्या भांडणात कशाला पडायचं, गाणी ऐकावीत आणि गप्प बसावं, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. पण नावावरून बरंच काही ठरतं. लोकसंगीताच्या महोत्सवाचं आमंत्रण कुणाला जातं, कुणाची गाणी परंपरेत जमा होतात आणि कुणाची तरुणांचा दंगा म्हणून सोडून दिली जातात, विशीतल्या मुलीने पहिल्यांदा फोक पंक शोधलं की तिच्या हाती कुठली दहा नावं पडतात, हे सगळं या व्याख्येवर अवलंबून असतं. शिवाय या संगीतात माणसांनी आपले संप, आपली स्थलांतरं, आपली गरिबी ओतली आहे. त्याचं वर्गीकरण निष्काळजीपणे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत सोपी कसोटी वाद्यांची. पंकची गाणी अकूस्टिक वाद्यांवर वाजवली की झालं फोक पंक. ही व्याख्या सर्वांत जास्त चालते आणि ती अगदीच निराधार नाही. मिलवॉकीचा व्हायोलंट फेम्स हा तिचा ठळक पुरावा. गॉर्डन गॅनोकडे गिटार, ब्रायन रिचीकडे भल्यामोठ्या पोटाची अकूस्टिक बास गिटार, आणि व्हिक्टर डीलोरेन्झो उभ्याने एका स्नेअर ड्रमवर तारांचे ब्रश चालवतोय. शेजारी दुसऱ्या ड्रमवर पत्र्याची टोपली उपडी घालून त्याने स्वतःच केलेलं वाद्य. एवढा सरंजाम रस्त्याच्या कडेला मांडता येतो, आणि ते तो मांडतही होते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकीच्या ओरिएंटल थिएटरबाहेर ते असेच वाजवत होते. आत प्रिटेंडर्स या रॉक बँडचा कार्यक्रम होता. त्यांच्या गिटारवादकाने यांना ऐकलं आणि त्याच रात्री या तिघांना आतल्या मंचावर थोडा वेळ मिळाला. दोन वर्षांनी त्यांचा पहिला अल्बम आला. कोरडा, जवळून ऐकू येणारा, दातओठ खाणारा तो आवाज आजही ताजा वाटतो.

पण त्यात फोक कुठं आहे? त्या अल्बममधली गाणी एका चिडलेल्या, प्रेमासाठी तळमळणाऱ्या पोरसवदा मुलाची आहेत. त्यांचं नातं व्हेल्व्हेट अंडरग्राउंड आणि जोनाथन रिचमन या शहरी रॉकवाल्यांशी लागतं, कुठल्या लोकगीताशी नाही. अकूस्टिक गिटार घेतली की लोकसंगीत होत नाही. लंडनचा पॅट्रिक फिट्झजेराल्ड १९७७ मध्येच, ऐन पंकच्या भरात, एकटा अकूस्टिक गिटार घेऊन गात होता. तो पंक होता यात शंका नाही, पण परंपरेशी त्याला देणंघेणं नव्हतं. उलट बाजूने पाहा. बार्किंगचा बिली ब्रॅग आधी रिफ रॅफ या पंक बँडमध्ये होता. तिथून बाहेर पडून तो एकटाच विजेवरची खरखरीत गिटार घेऊन उभा राहिला. वाद्यांची कसोटी त्याला बाहेर काढते, आणि त्याची गाणी मात्र इंग्रजी राजकीय लोकगीतांच्या रांगेत सरळ जाऊन बसतात. वाद्यांचंच म्हणाल तर लॉनी डॉनेगनच्या मागोमाग स्किफल वाजवणारी ब्रिटिश पोरं १९५० च्या दशकात कपडे धुण्याच्या पत्र्यावर ताल धरत होती आणि चहाच्या खोक्याला दांडा-दोरी लावून बास वाजवत होती. पंक यायला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता.

दुसरी कसोटी वंशाची. पारंपरिक धून, पारंपरिक गाणी किंवा निदान त्या वळणाची नवी गाणी, आणि त्यांना पंकचा वेग व उद्धटपणा, असं ती मागते. इथं पोग्जला वळसा घालून जाता येत नाही. १९८२ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात हा बँड जमला. शेन मॅकगोवन निप्स नावाच्या पंक बँडमधून आलेला. जेम्स फर्नली मूळचा गिटारवाला, या बँडसाठी अ‍ॅकॉर्डियन शिकला. अँड्र्यू रँकन सुरुवातीच्या कार्यक्रमांत उभ्याने दोनच ड्रम बडवायचा. स्पायडर स्टेसीची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची साधी बासरी, थांबली की तो पबमधला बिअरचा ट्रे घेऊन तालावर स्वतःच्या कपाळावर हाणायचा. या ट्रेचा उल्लेख लोक गंमत म्हणून करतात. मला त्यात या संगीताचं एक मर्म दिसतं. ज्या जागेत गाणं चाललंय त्या जागेतलीच वस्तू ताल देते, आणि ती समोर ग्लास घेऊन उभ्या असलेल्या कुणाच्याही हाताशी असते.

१९८४ चा आणि १९८५ चा असे त्यांचे पहिले दोन अल्बम ऐकले की पारंपरिक गाणी आणि मॅकगोवनची स्वतःची गाणी यांच्यातला सांधा सापडत नाही. दुसऱ्या अल्बमचा निर्माता एल्विस कॉस्टेलो. त्यात ‘डर्टी ओल्ड टाउन’ आहे. पुष्कळ लोक ते आयरिश गाणं समजतात. प्रत्यक्षात ते इवन मॅकॉलने १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलफर्ड या आपल्या गावाविषयी लिहिलं. हाच मॅकॉल पुढं लंडनच्या आपल्या फोक क्लबमध्ये गायकांनी फक्त आपापल्या प्रदेशाची, आपापल्या भाषेतली गाणी गावीत असा आग्रह धरत होता. त्याच्या गाण्याला इंग्रज-आयरिश पंकांच्या हातून दुसरं आयुष्य मिळालं. आणि १९८७ मध्ये पोग्जच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात मॅकगोवनसमोर उभी राहिली ती त्याचीच मुलगी, कर्स्टी मॅकॉल.

आयर्लंडमधल्या काही पारंपरिक वादकांना पोग्ज मुळीच रुचले नाहीत. त्यांची बाजू नीट ऐकून घेण्यासारखी आहे. आयरिश नाचाच्या धूनमध्ये फार बारीक कारागिरी असते. बोटाच्या टोकाने स्वर तोडणं, दोन स्वरांच्या मध्ये तिसऱ्याला ओझरता स्पर्श करून परतणं, एकच धून दुसऱ्या फेरीत किंचित वेगळी करणं. पोग्जच्या वेगात यातलं बरंच वाहून जातं. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे दारूडा, भांडखोर आयरिश माणूस ही प्रतिमा इंग्लंडने पिढ्यान्‌पिढ्या आयरिश लोकांना हिणवायला वापरली होती, आणि आता लंडनच्या मंचावरून तिचाच जयजयकार होतोय असं त्यांना वाटत होतं. हा आक्षेप मला आजही फुसका वाटत नाही.

तरी पोग्जला मोजायचं दुसरंही माप आहे. १९५४ मध्ये साओ पाउलोला भरलेल्या बैठकीत इंटरनॅशनल फोक म्युझिक कौन्सिलने लोकसंगीताची व्याख्या केली. तोंडोतोंडी चालत आलेलं संगीत, आणि त्याला घडवणाऱ्या तीन गोष्टी: भूतकाळाशी जोडणारं सातत्य, माणसाच्या सर्जनातून येणारे बदल, आणि कुठलं रूप टिकावं याची समाजाने केलेली निवड. बाहेरून आलेलं तयार गाणं जसंच्या तसं राहिलं तर ते लोकगीत नव्हे. समाजाने ते आपल्या हाताने पुन्हा घडवलं की त्याला लोकगीतपण येतं. व्याख्या विद्वानांची आहे, पण या मापाने पोग्जचा दोष फारसा राहत नाही. त्यांनी बदल केले, आणि निवड समाजाने केली. डब्लिनर्स या ज्या आयरिश लोकसंगीताच्या बँडचं एक गाणं १९६७ मध्ये आयरिश नभोवाणीने वाजवायचं नाकारलं होतं, तेच डब्लिनर्स वीस वर्षांनी आदरस्थान झाले होते आणि पोग्जबरोबर रेकॉर्ड काढत होते. २०१८ च्या जानेवारीत मॅकगोवनचा साठाव्या वाढदिवसानिमित्त डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये सत्कार झाला तो आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते.

वंशाच्या कसोटीचं बळ असं की तिच्यामुळे एक सलग कुळी हाती लागते. इंग्लंडमध्ये मेन दे कुडन्ट हँग, ब्रायटनचे लेव्हलर्स, अमेरिकेत ड्रॉपकिक मर्फीज आणि लॉस एंजेलिसचे फ्लॉगिंग मॉली, न्यूयॉर्कचा गोगोल बोर्डेलो. लेव्हलर्सचं उदाहरण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. त्यांनी नाव घेतलं सतराव्या शतकातल्या इंग्रज यादवी युद्धातल्या समतावाद्यांचं, व्हायोलिन पुढं ठेवलं, आणि १९९१ च्या अल्बममधून जुन्या बसगाड्यांत राहून गावोगाव फिरणाऱ्या त्या काळच्या तरुणांची गाणी गायली. तीनच वर्षांनी ब्रिटिश सरकारने केलेल्या कायद्याने त्याच तरुणांचे तळ आणि मोकळ्यावरचे जलसे आवळले. इथं परंपरा आणि तातडी एकाच गाण्यात येतात.

पण याच कसोटीचा धोका असा की ती रक्ताकडे झुकते. पोग्जमधले बरेच जण इंग्लंडमध्ये जन्मलेले इंग्रज होते, आणि खुद्द मॅकगोवनचा जन्म केंटमधला. त्याचं आयरिशपण आईवडिलांकडून आलं आणि टिपरेरीत घालवलेल्या बालपणाच्या दिवसांत मुरलं. ते स्थलांतरिताचं आयरिशपण आहे, आणि त्या गाण्यांतली ओढ त्यातूनच येते. पुढं ‘केल्टिक पंक’ हा शिक्का तयार झाला आणि हे सगळं सोपं होत गेलं. हिरवा रंग, १७ मार्चचा आयरिश सण, बिअर, फुटबॉलच्या स्टेडियमसारखा कोरस. यांतले काही बँड उत्तम आहेत, काहींकडे मात्र शिक्क्यापलीकडे काही उरलेलं नाही. ‘जिप्सी पंक’ या नावाचं दुखणं आणखी वेगळं. गोगोल बोर्डेलोच्या यूजीन ह्यूट्झने हे नाव २००५ च्या अल्बमवर छातीठोकपणे घातलं. तो युक्रेनमधून निर्वासित म्हणून आलेला, आईकडून त्याची रोमा वंशाशी नाळ आहे, त्याला तो हक्क आहे असं म्हणता येईल. पण त्यामागून तो शिक्का ज्यांनी लावून घेतला त्यांच्यातल्या सगळ्यांना तो हक्क नव्हता, आणि बऱ्याच रोमा लोकांना जिप्सी ही शिवीच वाटते. संगीताच्या प्रकाराला एखाद्या समाजाचं नाव देताना त्या समाजाला कुणी विचारलेलं नसतं, हे विसरून चालणार नाही.

आजच्या विशी-तिशीतल्या अमेरिकन श्रोत्याला फोक पंक म्हटल्यावर यांतलं काहीच आठवणार नाही, हेही मान्य करायला हवं. त्याच्या डोळ्यांसमोर येतं तळघरातलं घरगुती मैफलीचं गर्दीचं वातावरण, माइक नसलेला गायक, पाठीला कळकट पिशवी. ही शाखा १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतर वाढली. ब्लूमिंग्टन, इंडियाना इथल्या प्लॅन-इट-एक्स या छोट्या कंपनीने स्वस्त सीडी काढून ती जोपासली. फ्लॉरिडात लॉरा जेन ग्रेसने अगेन्स्ट मी! हा बँड सुरू केला तेव्हा तिच्याकडे अकूस्टिक गिटार होती आणि जोडीदार लोणच्याच्या प्लास्टिकच्या बादल्या बडवायचा. फीनिक्सचे एजेजे गिटार आणि उभा बास यांवर भीती, अपराधगंड, देव आणि अमेरिका यांविषयी किंचाळत गातात. व्हरमाँटच्या पॅट द बनीने मालगाड्या, व्यसन आणि अराजकवाद यांवर जी गाणी केली ती मोडक्या रेकॉर्डिंगवरूनही अगणित मुलांनी पाठ केली. फ्लॉरिडातल्याच एका बँडने आपलं नाव ‘धिस बाइक इज अ पाइप बॉम्ब’ असं ठेवलं. त्या नावाचा स्टिकर लावलेली एक सायकल २००६ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या आवारात दिसली, तेव्हा बॉम्बशोधक पथक बोलवावं लागलं.

या लोकांची कसोटी वृत्तीची आहे. स्वतः करा, स्वस्तात करा, कुणाची परवानगी मागू नका. २००५ नंतर अगेन्स्ट मी! एका बड्या कंपनीच्या छत्राखाली गेला तेव्हा जुन्या चाहत्यांचा जो संताप उसळला, त्यावरून ही वृत्ती त्यांच्यासाठी आवाजाहून किती मोठी होती ते कळतं. मात्र या कसोटीवर माझी एक हरकत आहे. त्यांतल्या पुष्कळ गाण्यांत ‘मी’ फार असतो. माझी चिंता, माझं व्यसन, माझा एकटेपणा. आपली व्यथा आपल्याच शब्दांत सांगणाऱ्या एकट्या कवीचं ते गाणं आहे. याच्या बाजूने मात्र हे सांगायला हवं की तळघरात ते गाणं सुरू झालं की अख्खी खोली ते गाते, आणि गाणाऱ्याचा ‘मी’ कुणा एकाचा उरत नाही. २०१६ मध्ये पॅट द बनीने संगीत सोडलं. आपली मतं बदलली आहेत असंही त्याने सांगितलं. गाणी मात्र त्याच्यावाचून चालू राहिली. बनवणारा गाण्यापासून दूर झाला तरी ते टिकतं, बदलतं, दुसऱ्याच्या तोंडी बसतं, हे १९५४ ची व्याख्या करणाऱ्या मंडळींनाही ओळखीचं वाटलं असतं.

या सगळ्या कसोट्या एका गाण्यावर लावून पाहिल्या की माझा कल का बनला ते सांगता येईल. १९३१ मध्ये केंटकीतल्या हार्लन काउंटीत कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. फ्लॉरेन्स रीसचा नवरा युनियनचं काम करायचा. शेरीफची माणसं त्याला शोधत घरात शिरली. तो नव्हता. घरात ती होती आणि मुलं होती. ती माणसं गेल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर गाणं लिहिलं. चाल घेतली चर्चमध्ये, घरांत चालत आलेली जुनीच. ‘विच साइड आर यू ऑन?’ हे ते गाणं. १९४१ मध्ये पीट सीगरच्या आल्मनॅक सिंगर्सनी ते रेकॉर्ड केलं आणि ते युनियनांच्या सभांतून पसरलं. १९८४-८५ मध्ये ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा संप पेटला तेव्हा बिली ब्रॅगने शब्द बदलून, तिथली माणसं आणि तिथलं सरकार त्यात आणून, एकट्या विजेच्या गिटारवर ते गायलं. २००१ मध्ये ड्रॉपकिक मर्फीजनी ते उचललं आणि गिटारींच्या भिंतीवर चढवून, अख्ख्या बँडच्या गळ्यांनी गायलं.

यांतलं फोक पंक कुठलं? वाद्य पाहिलं तर फ्लॉरेन्स रीसचंच मूळ गाणं सर्वांत जवळ, आणि ते पंकच्या पंचेचाळीस वर्षं आधीचं. वंश पाहिला तर तिन्ही एकाच कुळातली. वृत्ती पाहिली तरी तिन्ही. फरक आहे तो दोन गोष्टींचा. ब्रॅग आणि मर्फीज हे पंक होऊन गेलेल्या जगात गातायत. त्यांचा गळा, वेग, मंचावर उभं राहण्याची तऱ्हा १९७६-७७ ने घडवली. आणि दोघांनीही गाणं जसं मिळालं तसं जपून ठेवलं नाही. ते कामाला लावलं.

मला फोक पंकची खरी जागा इथं दिसते. लोकगीताला एक ठरलेला मालक नसतो, ज्याला गरज पडेल त्याने ते घ्यावं आणि बदलावं. पंकने तरुणांना सांगितलं की तीन कॉर्ड शिका आणि बँड काढा, तज्ज्ञ होण्याची वाट पाहू नका. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधली भिंत दोघांनाही मान्य नाही. ती भिंत जिथं दोन्ही बाजूंनी पाडली जाते, म्हणजे पंकच्या अनुभवातून आलेला माणूस दुसऱ्यांनी उचलावं असं गाणं करतो किंवा दुसऱ्यांचं उचलून पुढं चालवतो, त्याला मी फोक पंक म्हणेन. वाद्य कुठलंही असो. आजीचं गाव कुठलंही असो.

या मापाने काही ओळखीची नावं हलतात. व्हायोलंट फेम्सचा गाजलेला पहिला अल्बम मला सीमेच्या बाहेरच ठेवावा लागतो, आणि हे लिहिताना जड जातं, कारण तो मला फार आवडतो. त्यांचा १९८४ चा दुसरा अल्बम मात्र आत येतो. त्याची सुरुवातच मुलीला मारणाऱ्या बापाच्या गाण्याने होते. अमेरिकन डोंगराळ भागातल्या जुन्या खूनगीतांचा साचा त्यांनी तिथं इतका नेमका पकडला आहे की नव्या माणसाला ते शंभर वर्षांपूर्वीचं वाटावं. गॅनो बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. त्या अल्बममधली भक्तिगीतंही पोकळ नाहीत.

शेजारच्या प्रकारांकडे याच नजरेने पाहिलं की कुंपणं बरीच विरळ होतात. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकात लॅक नावाच्या गायकाभोवती जमलेल्या मंडळींनी स्वतःला अँटी-फोक म्हणवून घेतलं. तिथला पुढच्या पिढीचा जेफ्री लुईस. त्याने २००७ मध्ये ब्रिटनच्या क्रास या अराजकवादी पंक बँडची बारा गाणी हळुवार गिटार आणि जोडीला बाईचा आवाज अशी गाऊन अल्बम काढला. क्रासची मूळ गाणी इतकी फाटक्या आवाजात आणि वेगात होती की शब्द कळायला सोबतचा छापील कागद हातात धरावा लागे. लुईसने ती गाणी ऐकू येतील अशी केली. लोकगीताबाबत जे घडतं तेच त्याने पंक गाण्याबाबत केलं. एका पिढीचं गाणं दुसऱ्या पिढीने आपल्या आवाजात घेतलं. अल्बमवर अँटी-फोकचा शिक्का आहे म्हणून त्याला या चर्चेतून वगळणं मला हट्टीपणाचं वाटतं.

ऑल्ट-कंट्रीची, म्हणजे पंकच्या वळणाने गेलेल्या कंट्री संगीताची, हद्दही तशीच. इलिनॉयच्या बेलव्हिलचा अंकल टुपेलो पंक ऐकत वाढलेला. १९९२ मध्ये त्यांनी जवळजवळ पूर्ण अकूस्टिक अल्बम काढला आणि त्यात केंटकीच्या खाणींमधलं गाणं घेतलं, म्हणजे फ्लॉरेन्स रीसच्याच मुलखातलं. बँड फुटल्यावर जेफ ट्वीडीने विल्को काढला, आणि १९९८ मध्ये विल्को व बिली ब्रॅग यांनी मिळून गथ्रीच्या त्याच बाडांतल्या शब्दांना चाली दिल्या. ऑल्ट-कंट्री, राजकीय फोक, केल्टिक पंक अशा तीन वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेली माणसं एकाच कपाटातून कागद काढतायत. काउपंक आणि सायकोबिली यांचा भर कंट्री आणि रॉकबिलीच्या आवाजावर, तो वेगळा रस्ता. फोक मेटलमध्ये पारंपरिक धून असतात, पण तिथं वादनातलं कौशल्य आणि भव्यता हीच शोभा. श्रोत्याने खाली उभं राहून थक्क व्हावं अशी ती रचना असते. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनसारखं १९६० च्या दशकाच्या शेवटचं फोक रॉक तर पंकच्या आधीचंच, आणि त्याच्या वादकांचा दर्जा पाहता त्याला तीन कॉर्डची गरजही नव्हती.

माझ्या मापावरचे दोन आक्षेप मला दिसतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की यात आवाज कुठं आहे? दुकानात किंवा फोनवर फोक पंक शोधणाऱ्याला काहीतरी ऐकायचं असतं. त्याला गाण्याच्या प्रवासाचा इतिहास नको असतो. ज्या व्याख्येत ब्रॅगची एकटी गिटार आणि मर्फीजचे बॅगपाइप एकत्र बसतात, ती त्याच्या काय कामाची? हे खरं आहे, आणि म्हणून केल्टिक पंक, अँटी-फोक ही पोटनावं मोडीत काढा असं मी म्हणत नाही. आवाज सांगायला ती हवीतच. दुसरा आक्षेप असा की गाणं दुसऱ्याने उचललं की फोक, तर सगळंच फोक होईल, मैदानातल्या गर्दीने गायलेलं पॉप गाणंसुद्धा. याला माझं उत्तर तेच जे १९५४ च्या व्याख्येत आहे. गर्दी ते गाणं जसंच्या तसं गाते. ब्रॅगने शब्द बदलले, लुईसने चेहरा बदलला. बदलण्याचा हक्क वापरला गेला की नाही, हे पाहावं लागतं.

सर्वांत कठीण प्रकरण चुंबावांबाचं. लीड्समध्ये बळकावलेल्या घरात एकत्र राहणारा हा अराजकवादी पंक बँड. १९८८ मध्ये त्यांनी १३८१ ते १९१४ पर्यंतच्या इंग्रजी बंडगीतांचा अल्बम काढला. एकही वाद्य नाही, नुसते आवाज. सुरुवातीचं ‘कटी रेन’ १३८१ च्या शेतकरी उठावाशी जोडलं जातं. त्या जोडणीला पुरावा नाही. गाण्याची सर्वांत जुनी माहीत असलेली छापील प्रत अठराव्या शतकातली आहे, आणि उठावाचा संबंध विसाव्या शतकातल्या फोक पुनरुज्जीवनवाल्यांनी लावला. म्हणजे परंपराच अर्धी नव्याने रचलेली. २००३ मध्ये बँडने तो अल्बम पुन्हा नव्याने गायला आणि त्याच्या नावातलं शेवटचं वर्ष १९८४ केलं, खाणकामगारांच्या संपाचं. गिटार नाही, ड्रम नाही, वेग नाही. फोक पंक म्हणून हा अल्बम विकत घेणारा निराश होऊन परत करेल, आणि त्याची चूक नसेल. तरीही मी तो पोग्जच्या १९८५ च्या अल्बमशेजारीच ठेवेन.